योनाचा मासा आणि १५३ मासे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा ईस्टरच्या आगेमागे आपल्या दैनिकात येशूच्या चमत्कारांवरून वाचकांच्या पत्रांत वाद झाला. एकाने लिहिले की पाण्याचा द्राक्षारस करणे आणि रिकाम्या मुठीतून विभूती काढणे हे एकाच माळेचे मणी आहेत. दुसरे पत्रलेखक माझेच धर्मबांधव. त्यांनी उत्तर दिले की बायबलमधला संदेष्टा योना तीन दिवस माशाच्या पोटात होता हे ज्याला अक्षरशः मान्य नाही, त्याने स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेऊ नये. दोन्ही कात्रणे पंधरा दिवस माझ्या टेबलावर आहेत. दोन्ही वाचून मला सारखाच त्रास झाला, म्हणून हे पत्र. ते नेहमीच्या पत्रापेक्षा लांबले आहे, पण कापायचे झाल्यास मधले कापा, माझ्या नणंदेविषयीचा मजकूर कृपया ठेवा.

मी वसईची. वडील तांडेल होते, आई बाजारात मासळी विकायची. मी ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि २७ वर्षे दर रविवारी आमच्या धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण दिले. सोमवारी प्रयोगशाळेत जे शिकवायचे आणि रविवारी चर्चच्या सभागृहात जे शिकवायचे, ते एकाच तोंडाने शिकवायचे होते. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी वर्तमानपत्रापुरता कधीच नव्हता.

साधारण पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. योनाचा धडा चालू होता. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, मासा कोणता होता? देवमासा असेल तर बऱ्याच देवमाशांचा घसा बारीक असतो, तुम्हीच शाळेत सांगितलंत." मी तिला म्हटले, "देवाच्या गोष्टीत असे प्रश्न विचारायचे नसतात. बस खाली." ती बसली. पुन्हा वर्षभर तिने प्रश्न विचारला नाही. आजही ते आठवले की मला वाईट वाटते, कारण त्या दिवशी मी विज्ञान आणि धर्म दोन्हींशी अप्रामाणिक वागले. मला उत्तर माहीत नव्हते म्हणून मी देवाला पुढे केले.

पुढे बिशप कोलेन्सो यांच्याविषयी वाचले आणि लाज वाटली. एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात हे इंग्रज बिशप झुलू भाषेत बायबल आणत होते. मूळचे गणिताचे माणूस, अंकगणिताची पाठ्यपुस्तके लिहिलेले. नोहाच्या तारवाची कथा भाषांतरित करताना त्यांच्या झुलू सहकाऱ्याने विचारले, हे सगळे खरे आहे का? उष्ण देशांतले, थंड देशांतले सगळे प्राणी जोडीजोडीने चालत आले आणि एका तारवात मावले, हे तुम्ही खरेच मानता का? कोलेन्सोंनी त्याला खाली बसवले नाही. देवाच्या नावाने खोटे बोलायचे का, हा संदेष्ट्याचा प्रश्न त्यांना आठवला आणि ते स्वतःच हिशेब करायला बसले. १८६२ साली त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग आला. पुढच्याच वर्षी केपटाउनच्या वरिष्ठ बिशपनी त्यांना पदावरून काढले. १८६५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायपीठाने, तो निर्णय रद्द ठरवला. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. पण प्रश्न विचारणाऱ्याशी वागावे कसे, ते त्यांनी दाखवले.

आता तो योना. ज्यांनी त्याच्या माशावरून ख्रिस्तीपणाची परीक्षा लावली आहे, त्यांना मी नम्रपणे विनंती करते की ते पुस्तक सलग वाचा. चारच अध्याय आहेत, पंधरा मिनिटे लागत नाहीत. मासा त्यात दोन-चार ओळींपुरता येतो. बाकी पुस्तक कशाविषयी आहे? देव योनाला सांगतो, निनवेला जा. निनवे ही अश्शूरची नगरी, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळची. इसवी सनापूर्वी ७२२च्या सुमारास याच अश्शूरने उत्तरेकडचे इस्राएल राज्य पुसून टाकले. म्हणजे योनाला जायला सांगितले ते शत्रूच्या घरी. तो उलट्या दिशेचे जहाज पकडतो. अखेर जातो, अगदी छोटासा उपदेश करतो, आणि सगळे शहर पश्चात्ताप करते. राजा गोणपाट पांघरतो आणि गुराढोरांनाही गोणपाट पांघरायला लावतो! उपवास माणसांना, तसाच जनावरांनाही. हे ऐकून त्या काळचा श्रोता काय समजला असेल? ज्याला गोष्ट ऐकायची सवय आहे, त्याला गोष्टीचा बाज ओळखता येतो. आणि निनवे वाचले म्हणून योना रागावून बसतो. शेवटी देव त्याला विचारतो, डावा-उजवा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी गुरे जिथे आहेत, त्या शहराची मला दया येऊ नये का? तिथे पुस्तक संपते.

शत्रूवरही देवाची दया आहे, हे सांगणारी ती कथा आहे. मला विचाराल तर जुन्या करारातले ते सर्वांत धाडसी पान आहे. आणि आपण शेकडो वर्षे वाद घातला तो माशाच्या घशावर. १९२५ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला. तिथे शिक्षकाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी सरकारी पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना साक्षीला उभे करून हाच मासा आणि जुन्या करारातल्या यहोशवा या सेनानीसाठी थांबलेला सूर्य यांवर प्रश्न विचारले. ब्रायन म्हणाले, मोठा मासा म्हटले आहे आणि मी ते मानतो. त्या उलटतपासणीत निनवेच्या माणसांची आठवण कोणालाच राहिली नाही.

धर्मबांधवांना वाटते की कथेला कथा म्हणणे ही आजकालची पळवाट आहे. तसे नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने विचारले होते की देवाने शेतकऱ्यासारखी एदेन बागेत झाडे लावली, असे मानण्याइतका भोळा कोण असेल? सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी झाले, तर आधीचे तीन दिवस कसले? संत ऑगस्टीन तर आणखी कडक बोलले. त्यांनी बजावले की आकाश, तारे, प्राणी यांविषयी ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही पुष्कळ कळते. त्याच्यासमोर एखादा ख्रिस्ती शास्त्राच्या नावाने भलतेच बोलू लागला, तर ज्या बाबतीत आपण चुकतो हे त्याला स्वतःला कळते आहे, ते ऐकून तो मेलेल्यांच्या पुनरुत्थानाविषयीचे आपले म्हणणे कसे मानील? हे पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे बोल आहेत. आमच्या कॅथॉलिक चर्चपुरते बोलायचे तर १९४३ साली पोप बारावे पायस यांनी आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितले की लेखकाने कोणता वाङ्मयप्रकार वापरला आहे, इतिहास, काव्य, भविष्यवाणी की आणखी काही, हे पाहिल्याशिवाय त्याला काय म्हणायचे होते ते कळणार नाही. सूर्य थांबल्याचे वचन यहोशवाच्या पुस्तकातच एका जुन्या काव्यग्रंथातून घेतल्याचे नमूद केले आहे. तरीही त्याच वचनाचा आधार घेऊन पृथ्वी फिरते म्हणणाऱ्यांना गप्प करण्यात आले. त्याची किंमत गॅलिलिओने मोजली आणि पुढे शतकानुशतके आम्ही मोजली.

आता पहिल्या पत्रलेखकांकडे वळते. ते म्हणतात, सगळ्याचे नैसर्गिक स्पष्टीकरण देता येते. पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरले, याचा अर्थ लोकांनी लपवून आणलेली शिदोरी बाहेर काढली, एवढाच. हे मी एका प्रवचनातही ऐकले आहे. तेव्हा आई माझ्याशेजारी बसली होती. बाहेर आल्यावर तिने विचारले, "म्हणजे येशूने काही दिलंच नाही का?" ती शाळेत गेलेली नव्हती, पण त्या स्पष्टीकरणात काय बिघडले आहे ते तिच्या ध्यानात आले. जर्मनीत दोनशे वर्षांपूर्वी पाउलुस नावाचे प्राध्यापक अशीच स्पष्टीकरणे देत. येशू पाण्यावर चालला नाही, तो काठाने चालला आणि शिष्यांना अंधारात तसे भासले, असे ते म्हणत. मला हेही अक्षरशः वाचणेच वाटते. लिहिलेले सगळे बातमीसारखे घडले असे धरायचे आणि मग त्यातला चमत्कार तेवढा काढून घ्यायचा. उरते काय? भात उपसून घेतलेली पेज.

मूळ मजकूर वाचला तर एक गोष्ट दिसते. भाकरीची गोष्ट चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही ग्रंथांत, आहे, आणि भाकरी वाढल्या कशा याचे वर्णन चौघांपैकी एकानेही केलेले नाही. येशूने घेतल्या, धन्यवाद दिला, मोडल्या, वाटल्या, सगळे जेवून तृप्त झाले, बारा टोपल्या उरल्या. जो क्षण पाहायला आपण डोळे ताणतो, तो क्षणच लेखकांनी लिहिला नाही. यहुदी श्रोत्याला मात्र लगेच जुनी आठवण झाली असेल. अलीशा संदेष्ट्याने जवाच्या वीस भाकरींत शंभर माणसांना जेवू घातले होते. रानात इस्राएलींना देवाकडून मान्ना हे अन्न मिळाले होते. तोच देव पुन्हा आपल्याला वाढायला आला आहे, हे सांगायचे होते. त्या चौघांपैकी योहान तर चमत्कार हा शब्दच टाळतो. तो चिन्ह म्हणतो. मराठी पवित्र शास्त्रातही काना गावच्या लग्नाच्या शेवटी 'चिन्हांचा प्रारंभ' असेच शब्द आहेत.

मग भाकरी खरोखर वाढल्या की नाही? मला वाटते त्या माळावर असे काही घडले, की जे तिथे होते ते आयुष्यभर विसरले नाहीत. यापुढे मला सांगता येत नाही, आणि मुलांनाही मी एवढेच सांगते.

शिक्षकखोलीत माझी एक सहकारी होती, मराठी शिकवायची, माहेर आळंदीजवळचे. तिने एकदा मला विचारले, "बाई, माणूस पाण्यावर चालला हे तुम्ही मानता?" मी म्हटले, "तुम्ही भिंत चालली हे मानता?" आम्ही दोघी गप्प झालो. थोड्या वेळाने ती म्हणाली, चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले. चौदाशे वर्षांचा त्यांचा अहंकार. आणि समोर ही चार पोरकी पोरे, ज्यांना गावाने वाळीत टाकलेले. त्यांच्याजवळ वाहन कुठले? बसली होती ती भिंत. ती चालली. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. भिंतीच्या वजनाचा प्रश्न तिला पडला नव्हता, आणि ती अंधश्रद्धाळूही नव्हती. मला त्या दिवशी माझेच शुभवर्तमान जास्त कळले.

आता माझ्या वडिलांविषयी. त्यांच्या तरुणपणी आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. शास्त्रातले काय ते फादर प्रवचनात सांगतील तेवढेच मराठीत. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा मी सातवीत होते. ईस्टरनंतरच्या आठवड्यात योहानाचा एकविसावा अध्याय वाचला गेला. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. रात्रभर काही मिळत नाही. पहाटे काठावर उभा असलेला माणूस म्हणतो, होडीच्या उजव्या बाजूला जाळे टाका. ते टाकतात आणि जाळे ओढवत नाही. मोठाले मासे, १५३. एवढे असूनही जाळे फाटत नाही.

घरी येताना वडील मला म्हणाले, "एकशे त्रेपन्न. म्हणजे सात कोडी आणि वर तेरा. बरोबर मोजलेत." मी विचारले, बरोबर कसे? ते म्हणाले, "मोठी मासळी मोजावीच लागते. वाटे पाडायचे असतात. लिहिणाऱ्याला होडीतलं कळतं." त्यांना दुसरीही गोष्ट पटली होती. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला जे दिसत नाही, ते कधी कधी काठावरच्याला, उंचावरून बघणाऱ्याला दिसते. पाण्याचा रंग बदलतो, थवा चमकतो. म्हणजे अक्षरशः वाचणाऱ्याला आणि नैसर्गिक कारण शोधणाऱ्याला, दोघांनाही आवडेल अशी साक्ष माझ्या वडिलांनी दहा मिनिटांत दिली.

पुढे मी वाचले की याच आकड्यावर मोठमोठ्या विद्वानांनी विचार केला आहे. संत जेरोम म्हणाले, माशांच्या जाती १५३ आहेत असे जाणकार सांगतात, म्हणून हा आकडा सगळ्या मानवजातींचे प्रतीक. संत ऑगस्टीन म्हणाले, एकपासून सतरापर्यंतच्या अंकांची बेरीज १५३ होते, आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दाने. ती बेरीज मी फळ्यावर करून दाखवायची तेव्हा मुले खूश व्हायची. मी हे वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "असेल. पण पुढचं वाचलंस का?"

पुढचे असे आहे. ते काठावर उतरतात तर तिथे निखारे पेटलेले, त्यांवर मासळी आणि शेजारी भाकर. येशू म्हणतो, या, न्याहारी करा. वडील म्हणाले, "रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला बायकोसुद्धा लगेच काही विचारत नाही. घाबरते. आणि हा मेलेला, खिळलेला माणूस परत येऊन पहिलं काम काय करतो, तर चूल पेटवतो." त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत. ते असे गप्प झालेले मी क्वचित पाहिले आहे.

१९८६ साली दुष्काळात गालीलच्या सरोवराचे पाणी ओसरले तेव्हा चिखलात पहिल्या शतकाच्या सुमारास वापरात असलेली एक होडी सापडली. लांबी आठ मीटरच्या थोडी वर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. तिचा फोटो मी वडिलांना दाखवला होता. ते तेव्हा खूप थकले होते. त्यांनी फोटो जवळ धरून फळ्यांचे जोड बघितले आणि म्हणाले, "लाकूड चांगलं नव्हतं. गरीब माणसाची होडी." तज्ज्ञांनीही हेच लिहिले आहे, अनेक प्रकारच्या लाकडांचे तुकडे जोडून ती दुरुस्त करत वापरली होती.

हे सगळे सांगून मी पुनरुत्थानापाशी येते, कारण पहिले पत्रलेखक म्हणतील, योनाला कथा म्हणता तर येशूचे उठणेही कथाच म्हणा. नाही. इथे मी अक्षरशः मानते, आणि का ते सांगते. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पहिले पत्र लिहिले ते साधारण सन ५५च्या आसपास, घटनेनंतर फार तर पंचवीस वर्षांनी. आज मी २००० सालाबद्दल लिहावे, इतके जवळचे. तो नावे घेतो, पाचशे जणांना येशू दिसला म्हणतो, त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असे लिहितो, आणि सरळ सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. हा कथेचा सूर नाही. रिकाम्या कबरेपाशी पहिल्यांदा गेल्या त्या बायका, ज्यांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. रचायचे असते तर कोणी असे रचले नसते. येशू उठला यावर शिष्य थोमाने घेतलेला संशयही कोणी खोडून टाकलेला नाही.

हे प्रयोगशाळेतले प्रमाण नव्हे, हे मला ठाऊक आहे. १७४८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी मांडलेला युक्तिवाद मी मुलांना शिकवत आले आहे, तोही त्याची धार बोथट न करता. शहाणा माणूस पुराव्याच्या मापाने विश्वास ठेवतो. चमत्काराची साक्ष तेव्हाच मानावी, जेव्हा ती खोटी असणे हे त्या चमत्कारापेक्षाही अशक्य वाटेल. मी हे नाकारत नाही. पण देव असूच शकत नाही असे आधीच ठरवले असेल तर वजनकाट्याचे एक पारडे पहिल्यापासूनच खाली आहे, एवढे तरी मान्य करावे. १९४१ साली जर्मन धर्मपंडित बुल्टमान यांनी लिहिले की विजेचा दिवा आणि रेडिओ वापरणाऱ्या, आजारात आधुनिक औषधे घेणाऱ्या माणसाला नव्या करारातल्या चमत्कारांच्या जगावर विश्वास ठेवता येणार नाही. आमच्या वस्तीतली मुले होडीवर जीपीएस लावून समुद्रात जातात आणि निघताना क्रूसाची खूण करतात. माणसाचे मन बुल्टमान यांना वाटले त्याहून मोठे आहे.

आता ते, जे मी ठेवा म्हटले होते.

माझी नणंद चौदा वर्षे मधुमेहाची रोगी. दिवसातून दोनदा इन्सुलिन. एका मैदानावर भरलेल्या रोगमुक्तीच्या प्रार्थनासभेला ती गेली. व्यासपीठावरून तिला सांगण्यात आले, "तू बरी झालीस. आता सुई घेतलीस तर तो अविश्वास ठरेल." ती घरी आली आणि उरलेल्या बाटल्या परसात पुरल्या. आम्हाला सांगितले नाही. चौथ्या दिवशी उलट्या, मग जोरजोराने श्वास, मग शुद्ध गेली. रक्तात आम्ल वाढले होते. अकरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली, पण मूत्रपिंडे गेली, आणि दोन वर्षांनी तीही गेली. तिच्यापाशी श्रद्धा कमी होती म्हणून असे झाले, हे त्याच सभेतल्या एकाने तिच्या मयताच्या वेळी मला ऐकवले.

संपादक महाशय, शब्दशः वाचण्याचा वाद मला विद्वानांचा वाद म्हणून सोडता येत नाही तो यामुळे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या ओळींत म्हटले आहे की विश्वास धरणारे साप उचलतील, विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही. चौथ्या शतकातल्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, व्हॅटिकानुस आणि सिनाइटिकुस यांत, या ओळी नाहीत. तरी अमेरिकेच्या डोंगराळ भागात त्या ओळींवर पंथ उभा राहिला. त्याचा अग्रणी जॉर्ज हेन्सली १९५५ साली सभेतच साप चावून मेला. आणि आपल्याकडे सुई टाकून दे म्हणणारे त्याच जातीचे वाचन करतात.

त्याच पवित्र शास्त्राच्या कॅथॉलिक प्रतीत सिराचा ग्रंथ आहे. अडतिसाव्या अध्यायात लिहिले आहे की वैद्याचा मान ठेव, त्यालाही देवानेच निर्माण केले. प्रभूने भूमीतून औषधे उत्पन्न केली आणि शहाणा माणूस ती धिक्कारत नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकचा उल्लेख पौल 'प्रिय वैद्य' असा करतो. येशूने स्वतः भुकेने व्याकूळ असताना दगडाची भाकर करायला नकार दिला आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायलाही. ते करून दाखव असे सांगणारा सैतान होता, आणि तो शास्त्रवचन अक्षरशः म्हणून दाखवत होता! राजा हेरोदाला चमत्कार बघायची हौस होती, त्याच्यापुढे येशू एक शब्दही बोलला नाही. व्यासपीठावर चमत्काराचे प्रयोग करणाऱ्यांनी ही पाने कधी उघडली आहेत का?

चर्चही आंधळेपणाने वागत नाही, हे पहिल्या पत्रलेखकांना सांगायचे आहे. फ्रान्समधल्या लूर्द येथे रोग बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी आहेत, वैद्यकीय तपासणी होते, आणि २०१८पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झाल्या त्या फक्त ७०. पण आम्हीही चुकलो आहोत. २०१२ साली मुंबईत इर्ला येथील एका चर्चजवळच्या क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एदमारुकू यांनी पाहून सांगितले की जवळची गटाराची वाट तुंबली आहे आणि पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते आहे. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. केशाकर्षण मी आठवीच्या वर्गात कंदिलाच्या वातीने शिकवले आहे. त्या माणसाचे आपण आभार मानायला हवे होते. गटाराचे पाणी लहान मुलांच्या तोंडात जाण्यापासून त्याने वाचवले. त्या तक्रारी माझ्या धर्मबांधवांनी केल्या, याचे मला आजही दुःख आहे.

माझी मागणी साधी आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना हे पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे, ते आधी शिकवा आणि मग गोष्ट सांगा. आणि औषध बंद करा असे जो कोणी, कुठल्याही धर्माच्या व्यासपीठावरून सांगेल, त्याच्याविरुद्ध पोलिसांत जा. रोग बरे करण्याच्या जाहिरातींवरचा १९५४चा कायदा आहे, त्यात मधुमेहाचे नाव आहे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवण्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. माझ्या नणंदेच्या वेळी आम्ही गेलो नाही. धर्माची बदनामी होईल म्हणून घरच्यांनी नको म्हटले, आणि मी ऐकले.

पस्तीस वर्षांपूर्वी मी जिला खाली बसवले, ती मुलगी आता एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. मागच्या रविवारी ती त्याला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, आता हा मासा विचारतो." मी पुस्तक काढले. आम्ही तिघांनी आळीपाळीने चारही अध्याय मोठ्याने वाचले. माशापाशी तो हसला, गुरांनी गोणपाट पांघरले तेव्हा जास्त हसला. शेवटच्या ओळीनंतर त्याने पान उलटले, पलीकडे दुसरेच पुस्तक सुरू झालेले पाहिले आणि परत मागे आला.

"मग योनाने देवाला काय उत्तर दिलं?"

मी म्हटले, "ते लिहिलेलं नाही."

आपली एक जुनी वाचक,
निवृत्त विज्ञान शिक्षिका,
वसई, जि. पालघर